चहाच्या खिडकीकडची काच

मी हिंगोलीत काचेचं दुकान चालवतो. खिडक्यांच्या काचा, आरसे, देव्हाऱ्याची दारं हे पोटापाण्याचं काम. मनापासूनचं काम एकच, माशांच्या टाक्या. त्यातही खाऱ्या पाण्याच्या. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. तरी मी गेली बरीच वर्षं लोकांच्या घरात समुद्राचं पाणी भरून देतो. लोक हसतात. मीठ बादलीतून येतं, ते शुद्ध केलेल्या पाण्यात कालवायचं, मापकानं खारटपणा बघायचा, पाणी एकसारखं फिरत ठेवायचं. एवढं केलं की आठ-दहा दिवसांनी त्या पाण्याला एक वास येऊ लागतो. तो वास ओळखणारा जिल्ह्यात बहुधा मी एकटाच. कोणाशी बोलायचं म्हटलं तर मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावावा लागतो, आणि त्याला माल विकण्यापलीकडे बोलायला वेळ नसतो.

टाकी घ्यायची म्हणून येणारा माणूस आधी माशांचे फोटो दाखवतो. मी त्याला मोबाइल खिशात ठेवायला सांगतो आणि विचारतो, घराचं दार किती रुंद आहे? टाकी दारातून आत गेली पाहिजे, हे निम्म्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. मग विचारतो, खाली जमीन आहे की स्लॅब? मोठी टाकी पाण्यानं भरली की वजनानं एखाद्या गाडीएवढी होते. मग येतो आकाराचा प्रश्न, आणि तिथं भांडण ठरलेलं.

कारण प्रत्येकाला उंच टाकी हवी असते. उंच टाकीला रुबाब असतो. पण काचेवर दाब पडतो तो उंचीचा. लांबी दुप्पट केली तरी काच तेवढीच जाड चालते, उंची थोडी वाढवली की जाड काच लागते. पाण्यात हवा मिसळते वरच्या पृष्ठभागातून, म्हणून वरचं तोंड जितकं पसरट तितके मासे सुखी. समुद्रातले मासे वर-खाली कमी आणि आडवे जास्त पोहतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचा हात तळाला लागला पाहिजे. दगड हलवायचा असतो, मेलेला मासा काढायचा असतो. बगलेपर्यंत हात घालूनही तळ लागत नसेल तर ती टाकी एक दिवस सडणार. हे मी शंभरदा सांगितलं असेल.

आखाडा बाळापूरला रस्त्यालगत एक हॉटेलवाले होते. त्यांनी ऐकलं नाही. कपाटासारखी उभी टाकी पाहिजे म्हणाले, दारातून आत आल्याआल्या माणूस थबकला पाहिजे. करून दिली. माणसं थबकायची खरी. टाकी साफ करायला शिडी लागायची, आणि शिडीवर चढायला कोणी तयार नसायचं. पुढच्या वेळी गेलो तर टाकी कोरडी होती आणि आत काचेच्या फळ्या बसवून त्यांनी लोणच्याच्या बरण्या मांडल्या होत्या. मला चहा पाजून म्हणाले, "तुमी बराबर बोलला होता, पण बरण्या मस्त दिसून राहिल्या का न्हाई?" दिसत होत्या. मी तसं सांगितलंही.

दुसरे एक डॉक्टर होते. त्यांना खांबासारखी गोल टाकी हवी होती. गोल काचेतून मासा मागच्या बाजूला गेला की म्हशीएवढा आणि पुढं आला की डासाएवढा दिसतो. दोन मिनिटं बघितलं की डोकं गरगरतं. त्यांना मी दुकानात पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीमागे बोट नाचवून दाखवलं. ते लगेच चौकोनावर आले. असे विजय माझ्या आयुष्यात थोडे आहेत, म्हणून लक्षात आहेत.

हे सगळं मी जरा अभिमानानं लिहितोय हे मला कळतंय. लांबी-रुंदी-उंची यात मी सहसा चुकत नाही. चुकलो ते एका साध्या गोष्टीत, आणि ते शिरड शहापूरच्या घरात.

त्या घरातला मुलगा विकास मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. सात-आठ महिने पाण्यावर, मग सुट्टी. त्यानं कुठल्यातरी बंदरातून फोन केला. गावाकडच्या घरी खाऱ्या पाण्याची मोठी टाकी बसवायची म्हणाला. मी नेहमीप्रमाणे खर्चाची आणि कष्टाची भीती घातली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "काका, माझ्या मायनं समुद्र पाह्यला न्हाई. मी जहाजावर हाये म्हटलं की तिला वाटते मी अंधारात बसून राहिलो. तिला जरा दिसू द्या, खाली काय असते ते."

इतक्या सरळ शब्दांत टाकी कशासाठी हवी हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आणि नेमकं तेच मी विसरलो.

घर नवं होतं, मोठं. विकासचे वडील रंगराव हे जमीनजुमला राखून असलेले, मोकळ्या स्वभावाचे गृहस्थ. सकाळपासून त्यांच्या बैठकीत चार माणसं असायचीच. दिवाणावर त्यांचे वडील, आबा, लोडाला टेकून बसलेले. बैठकीच्या आतल्या भिंतीत, डाव्या कोपऱ्यात, एक छोटी खिडकी होती. पलीकडे स्वयंपाकघर. तिच्यातून चहाचे कप बाहेर यायचे. बांगड्यांचा हात दिसायचा, माणूस दिसायचं नाही. तो हात विकासच्या आईचा, कमलवहिनींचा. पन्नाशीच्या बाई, पण सासरे बैठकीत असताना त्या तिथं येऊन बसत नसत. कोणी अडवलं नव्हतं. आमच्याकडच्या अनेक घरांत अशीच रीत आहे, आणि मीही त्याच मुलखात वाढल्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही.

मापं घ्यायला बसलो आणि रंगराव उंचीवर अडले. त्यांना टाकी छताला टेकलेली हवी होती. मी तासभर हुज्जत घातली. हात तळाला लागण्याचं सांगितलं, दाबाचं सांगितलं, हॉटेलातल्या बरण्यांचंही सांगितलं. बैठकीतले लोक हसले, रंगरावही हसले, आणि शेवटी माझ्या मनासारखं झालं. सहा फूट लांब, अडीच रुंद, दोन उंच. डाव्या भिंतीला लागून, एक टोक चहाच्या खिडकीच्या जवळ, हातभर जागा सोडून, म्हणजे कप यायला अडचण नको. मी खूश होतो. इतकी चांगली मापं मला फार कमी घरांत मिळाली होती.

मग पंपाचा प्रश्न आला. मोठ्या टाकीत एका टोकाला काचेचा एक कप्पा चिकटवतात. वरचं पाणी त्यात सांडतं, नळीतून खालच्या कपाटात जातं, तिथं गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. कप्प्याच्या टोकाला पाणी पडल्याचा आवाज येतो, अखंड. त्या टोकाची आणि मागची काच काळ्या फिल्मनं झाकायची पद्धत आहे, नळ्या दिसू नयेत म्हणून. मी विचारलं, कप्पा कुठल्या टोकाला करू?

रंगराव म्हणाले, "आवाज आतल्या अंगाला जाऊ द्या. इथं बोलणं ऐकू आलं पायजे."

मी म्हणालो, बरोबर आहे. आणि तसं केलं.

म्हणजे काय केलं, ते आज मांडून सांगतो. बैठकीतल्या माणसांना सहा फूट समुद्र दिला. ज्या बाईसाठी तो आणला तिच्या खिडकीसमोर अडीच फुटांची काळी काच उभी केली, आणि दिवसभराचा आवाज तेवढा तिच्याकडे सोडला. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मला तर ते उत्तम काम वाटलं. दिवे लागले, मासे सोडले, गाव बघायला आलं. मी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. आत जाऊन, चहाच्या खिडकीशी उभं राहून बघावं, हे मला सुचलं नाही. मी ज्या बाजूनं फोटो काढतो त्या बाजूनंच बघतो.

टाकीचं रोजचं काम कमलवहिनींकडे आलं. काम अवघड नाही, पण चुकवून चालत नाही. पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून रोज साधं शुद्ध पाणी घालून पातळी राखायची, खारं नव्हे. आणि सकाळी खाद्य टाकायचं. आबा पहाटे मळ्याकडे चक्कर मारायला जायचे, तेवढ्या वेळात बैठक मोकळी असायची. वहिनी स्टुलावर उभ्या राहून वरून पाणी घालायच्या, खाद्य टाकायच्या. टाकीचे दिवे मी दुपारी लागून रात्री विझतील असे लावले होते. जास्त वेळ ठेवले तर शेवाळ माजतं, आणि माणसं येतात संध्याकाळी. पहाटे समोरची काच काळोखी असायची.

काही महिन्यांनी विकासचा फोन आला. खुशाली झाली. मग जरा थांबून तो म्हणाला, "काका, बंदरात असलो की माय मला व्हिडिओवर मासे दाखवते. पण काहून कोण जाणे, नुसत्या पाठीच दाखवते. वरून. म्हटलं समोरून दाखव, तर म्हणते दिवे लागले की तिथं लोक राहतात."

मी म्हणालो, बघतो. फोन ठेवला आणि दुकानात तसाच बसून राहिलो. काच कापायला आलेलं गिऱ्हाईक दोनदा हाक मारून गेलं.

माझ्या स्वतःच्या घरात टाकी आहे. बायको लेकीकडे पुण्याला गेली, नातीला सांभाळायला, आणि तिकडेच रमली. मी जाऊ शकत नाही, कारण जिल्हाभरच्या टाक्या माझ्या जिवावर आहेत, असं मी सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी घरी गेल्यावर मी ती नेहमी भाजी निवडायला बसायची त्या जागी जाऊन बसलो. तिथून टाकीच्या मागच्या वायरी आणि पंपाचा डबा दिसतो. इतकी वर्षं तिनं तेच बघितलं. एकदाही बोलली नाही. की बोलली होती आणि मी ऐकलं नाही, हेसुद्धा आता मला सांगता येत नाही.

पुढच्याच फेरीला मी शिरड शहापूरला गेलो. चूक सुधारायची, एवढंच डोक्यात. बैठक भरलेली होती, आबा दिवाणावर, सहा-सात माणसं. मी रंगरावांना म्हणालो, टाकी फिरवून घेऊ या. कप्प्याचं टोक बाहेरच्या अंगाला घेऊ, मागची फिल्म काढून पुढं लावू.

रंगराव म्हणाले, "चांगली हाये की. काहून फिरवायची?"

इथं मला काहीही सांगता आलं असतं. मी आयुष्यात गिऱ्हाइकाला खोटं सांगितलेलं नाही, त्याचा मला गर्व होता. मी चारचौघांत खरं सांगितलं. विकासचा फोन होता, वहिनींना आतून मासे दिसत नाहीत, काळी काच दिसते.

 मग एकजण हसला. रंगरावांनी खिडकीकडे मान वळवून विचारलं, "काय व्हय, विकासची माय, मासे दिसत न्हाईत म्हणं तुला?"

खिडकीत कप घेऊन आलेला हात थांबला होता. आतून आवाज आला, "मला कामं का कमी हायेत, मासे बघत बसायला?"

सगळे हसले. कप बाहेर ठेवले गेले, हात मागे गेला. आबांनी दिवाणावरून विचारलं, काय झालं म्हणून. कोणीतरी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, आणि ते सगळं पुन्हा एकदा आत ऐकू गेलं.

रंगराव वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटलं असावं की बायको कामानं कंटाळली आहे आणि पोराला आडून सांगते आहे. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तिला नसती तकलीफ व्हऊन राहिली. उद्यापासून गडी टाकील दाणे-पाणी." आणि विषय संपला.

अशा रीतीनं माशांच्या पाठीही गेल्या. त्या बाईला दिवसातून एकदा, पहाटेचा एवढासा वेळ जे काही बघायला मिळत होतं, ते मी खरं बोलून काढून घेतलं. परतीच्या रस्त्यावर औंढ्याच्या अलीकडे मोटारसायकल बाजूला लावून मी बराच वेळ उभा होतो. परत जाऊन काय सांगणार? तोंड घातलं तेवढंच पुरे झालं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक अनोळखी नंबर आला. बाईचा दबका आवाज. "भाऊ, मी विकासची माय बोलून राहिले. पाणी खरखर करून राहिलं."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. कपाटातली पाण्याची पातळी उतरली की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि आवाज बदलतो. गडी पाणी घालायला विसरला होता. वहिनींनी ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. नंबर विकासकडून घेतला होता. नवऱ्याला सांगायचं नव्हतं, गड्याला बोलणी बसली असती. मी रंगरावांना फोन करून सहज चौकशी केल्यासारखं पाणी घालायला सांगितलं. पुन्हा पंधरा-वीस दिवसांनी फोन. "भाऊ, आज टपटप जास्ती हाये." नळीच्या तोंडाशी शेवाळ अडकलं होतं. मग आणखी एकदा, "आज आवाज जड येऊन राहिला."

जड आवाज म्हणजे काय, हे मला समजायचं. माझ्या धंद्यात पाण्याच्या आवाजाबद्दल माझ्याशी बोलणारं दुसरं माणूस कधी भेटलं नव्हतं. बोलणं एका वाक्याचं असायचं. कसे आहात वगैरे काही नाही. तरी मी त्या फोनची वाट बघू लागलो, हे कबूल करतो. बायकोचा रोज फोन यायचा, जेवलात का, गोळी घेतली का. तिलाही मी वहिनींच्या आवाजाबद्दल, म्हणजे पाण्याच्या आवाजाबद्दल, एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, तुम्हाला पंपाचं सगळं ऐकू येतं. 

मग त्या उन्हाळ्यात पुसेगावला भावकीतलं लग्न होतं. सगळे गेले, आबांनासुद्धा जीपमध्ये बसवून नेलं. वहिनींच्या पायाला लागलं होतं, म्हणून त्या घरी राहिल्या. दुपारी त्यांचा फोन आला.

"भाऊ, आवाजच बंद झाला."

मी विचारलं, वीज आहे का?

"हाये. पंखा फिरून राहिला."

म्हणजे पंप गेला होता. उन्हाळ्यात पाणी आधीच गरम असतं, त्यात हवा कमी मावते. पाणी थांबलं की मोठे मासे तासा-दोन तासांत धापा टाकू लागतात. हिंगोलीहून पोचायला मला तासभर लागणार होता. मी त्यांना सांगितलं, बैठकीत जा, स्टूल घ्या, तांब्यानं टाकीतलंच पाणी काढा आणि उंचावरून परत आत ओता. फेस आला पाहिजे. मी येईपर्यंत थांबू नका.

"बैठकीत?" त्या म्हणाल्या.

"घरात कोणी नाही ना?"

"न्हाई."

"मग जा, वहिनी."

मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं. वहिनी स्टुलावर उभ्या होत्या, दुखरा पाय अर्धवट उचललेला, पदर खोचलेला, हात खांद्यापर्यंत ओला. पाणी पडून फरशीचं तळं झालं होतं. मला बघूनही त्या थांबल्या नाहीत. मासे वरच्या बाजूला, पाणी पडत होतं तिथं गोळा झाले होते. सगळे जिवंत.

मी कपाट उघडलं. बिघाड अगदी किरकोळ होता. खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडतात, त्यांचं मीठ साठत जातं. ते प्लगवर साठून प्लग जळला होता. नवा बसवला, पंप सुरू झाला, पाणी हललं. थोड्या वेळानं मासे खाली उतरले. दिवे लागलेले होतेच.

मी म्हणालो, "वहिनी, बसा जरा. बघा तरी."

त्यांनी सोफ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि खाली फरशीवरच, ओल्यात बसल्या. मी बाजूला सरकलो.  चेहऱ्यावर आनंद वगैरे नव्हता, परक्या घरी आल्यावर माणूस बघतो तसं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे आपलेच व्हयत का?"

मी म्हणालो, तेच सगळे. नवे कुठले आणणार?

त्यांनी बोट दाखवलं. त्या टाकीत एक पिवळा टँग आहे. हळदीच्या रंगाचा, ताटलीसारखा गोल आणि चपटा मासा. "हा कोन?"

"तुम्ही रोज खाद्य टाकत होता त्यातलाच. पिवळा."

"तो तर रेघेवानी हाये," त्या म्हणाल्या. "वरून नुसती रेघ दिसते त्याची. मला वाटे वाळला. मी त्याला दुसऱ्याहून जास्ती टाकत होते."

त्या उठल्या, स्टुलावर चढल्या, वरून वाकून बघितलं. मग खाली उतरून पुन्हा समोरून बघितलं. असं दोनदा केलं. "तोच हाये," म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते मला दिसलं नाही, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी विकासला फोन लावून बघितला. तो समुद्रावर होता, लागला नाही.

अंगणात जीप आली. वहिनींनी तांब्या उचलला, फरशीवर पोतेरं टाकलं, आणि लंगडत आत गेल्या. मी त्यांना थांबा म्हणालो नाही. या खेपेला तरी मला अक्कल होती.

रंगराव आत आले, ओली फरशी बघून घाबरले. मी सांगितलं, पंप बंद पडला होता, वहिनींनी ऐकून फोन केला म्हणून मासे राहिले. ते आत बघून काहीतरी बरं बोलले. मग मला विचारलं, "पुन्हा व्हईल का असं?"

खरं उत्तर सोपं होतं. प्लग जरा उंचावर, कोरड्या जागी लावायचा. पाच मिनिटांचं काम.

मी म्हणालो, होईल. टाकी उलट्या तोंडानं बसली आहे. भिंतीकडच्या कोपऱ्यात कप्पा आल्यामुळे हवा खेळत नाही, मीठ साठतं, पंपावर ताण येतो. फिरवावी लागेल. कप्पा बाहेरच्या अंगाला घ्यावा लागेल. आवाज तुमच्या बैठकीत येईल, त्याला इलाज नाही.

बोलताना माझा आवाज इतका शांत होता की मलाच नवल वाटलं. रंगरावांनी थोडा विचार केला. "मंग फिरवा," म्हणाले. "आवाजाचं काय, टीव्ही मोठा करू."

प्लग मी त्याच दिवशी वर लावला, त्यांना न सांगता.

टाकी फिरवायला पूर्ण दिवस गेला. पाणी पिंपात काढलं, दगड आणि मासे वेगळ्या डब्यांत, लोखंडी चौकटीसकट सगळं उलट्या दिशेला फिरवलं, सुतारानं कपाटाची दारं बदलली. मागच्या काचेची फिल्म सोलून ती बाजू पुढं आणली आणि पुढची काच झाकली. चहाच्या खिडकीकडे आता कप्प्याशिवायचं टोक आलं, स्वच्छ काचेचं. टाकीकडे अरुंद टोकाकडून बघितलं तर सहा फूट पाणी एकामागे एक दिसतं. खरी खोली त्याच बाजूनं कळते, लांबचे मासे निळसर होत जातात. धंद्यातल्या माणसाला हे माहीत असतं. मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

संध्याकाळी दिवे लागले. आबा दिवाणावर येऊन बसले होते, लोक होते. खिडकीतून कप आले. आम्ही चहा घेतला. सगळ्यांचे कप रिकामे झाले तरी खिडकीतला हात मागे गेला नव्हता.

त्या खोट्याबद्दल मला वाईट वाटतं का? वाटतं. रंगरावांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. पण त्या आधीच्या खऱ्याबद्दल जेवढं वाटतं तेवढं नाही. दोन्हींबद्दल काय वाटतं ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता टाकीचं माप घ्यायला गेलो की मी आधी घरातल्या बाईमाणसाला विचारतो, तुम्ही दिवसभर कुठं बसता? त्या गोंधळतात. काही घरांत उत्तर येतं, कुठंच नाही. मग मी त्या घरात जरा जास्त वेळ थांबतो.

शिरड शहापूरहून आता फोन येत नाहीत. आवाज बैठकीत गेला, आणि पाणी फिरायचं मंदावलं तर वहिनींना ते दिसतं. गड्याला त्याच सांगतात. विकासचाही नाही आला, म्हणजे त्याची तक्रार राहिली नसावी. कधी दुपारी दुकानात मोबाइल वाजला की अजून पटकन उचलतो. पुण्याहून असतो, नाहीतर गिऱ्हाईक असतं.

महिन्याच्या फेरीला जातो. रंगराव टीव्हीच्या आवाजावर आवाज चढवून बोलतात. मी गाळण्या धुतो, खारटपणा बघतो, काचा आतून खरवडतो आणि बाहेरून पुसतो. आधी समोरची, मग वरची कड. चहाच्या खिडकीकडची काच शेवटी पुसायला घेतो. तिच्यावर बोटाचा डाग नसतो, तुषार सुकून पडणारा मिठाचा पांढरा ठिपकाही नसतो. हातभर अंतरावरून, खिडकीतून हात घालून, कोणीतरी ती आधीच पुसलेली असते. मी फडकं घडी करून खिशात ठेवतो आणि निघतो.